बोललं ते खुर्चीचं

खुर्चीच्या पाठीवर हात न ठेवताच थोमा उठला आणि समोर बसलेल्या मंडळींकडे बघत म्हणाला,

“मला हे खरं वाटत नाही. आता खरंच वाटत नाही.”

 चर्चमध्ये मागच्या रांगेतून एक टाळी वाजली, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता सगळी मंडळी टाळ्या पिटू लागली. पाळकसाहेबांनी तर रुमाल काढून डोळे टिपले.

“काय आवाज लावलास!” ते म्हणाले. “अंगावर काटा आला. पण शेवटचं वाक्य राहिलं की रे.”

 ते वाक्य आज म्हणायचंच नाही, असं ठरवूनच थोमा घरून निघाला होता. पण मंडळींचं तोंड कोण धरणार? पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी सुरुवात केली आणि सगळ्यांनी एका सुरात त्याच्या वतीने म्हणून टाकलं,

“बोललं ते खुर्चीचं. आमेन.”

ही पद्धत पाळकसाहेबांनीच काढलेली. दर गुरुवारी संध्याकाळी उपासना संपली की वेदीकडे पाठ करून एक लाकडी खुर्ची मांडायची. त्या खुर्चीत जो बसेल त्याने नास्तिकासारखं बोलायचं, बायबलवर हवे ते आक्षेप घ्यायचे, आणि बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. बाहेर संशयी माणसं पावलोपावली भेटतात, त्यांच्यापुढे आपल्या माणसांची दातखीळ बसू नये, एवढाच हेतू. उठताना खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते वाक्य म्हटलं, की बोललेलं मनाला चिकटून राहत नाही, असं पाळकसाहेबांचं म्हणणं. घोडं पेंड खात होतं ते इतकंच, की खुर्चीत बसायला कोणी धजत नसे. जो बसायचा तो एखादा थातूरमातूर प्रश्न विचारून लाजत उठायचा. शेवटी ती जागा याच्याकडे कायमची आली, आणि जागेबरोबर नावही. प्रभूच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा जो शिष्य, त्याचं नाव मंडळींनी याला लाडाने चिकटवलं. आता खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं.

धंद्याने थोमा कवळ्या करणारा. दातांचे डॉक्टर जबड्याचे साचे पाठवत आणि हा आपल्या चिंचोळ्या कारखान्यात प्लास्टर, मेण आणि रंगाच्या पट्ट्या घेऊन त्यांवर दात बसवत असे. कवळी खऱ्या दातांसारखी दिसायची असेल तर तिच्यात थोडा वाकडेपणा ठेवावा लागतो. एखादा दात किंचित फिरलेला, एखादा शेजाऱ्यावर रेललेला. अगदी सरळ रांग लावली की चार हातांवरून लोक ओळखतात. सुरुवातीला थोमा खुर्चीतून उठून स्वतःच उत्तरही द्यायचा. येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं एकमेकांशी जुळत नाहीत म्हणता? अहो, खरे दात कधी सरळ असतात का? साक्षीदार खरे असले की साक्ष थोडी वाकडीच येते. हे ऐकून मंडळी खूश व्हायची, आणि थोमाही. ते त्याला मनापासून पटलेलं होतं.

मग एका दुपारी तो एका म्हाताऱ्या बाईसाठी वरचा सुळा मेणात तिरका करत होता. तिरका केला, लांब धरून बघितला, अजून जरा तिरका केला. आणि हातातली सुरी तशीच राहिली. वाकडेपणा घालताही येतो, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार? बस्स, एवढंच झालं. ना कोणी मेलं होतं, ना कोणी फसवलं होतं. पण त्या दिवसापासून प्रार्थनेला डोळे मिटले की पलीकडे कोणी नाही, हे त्याला एखाद्या रिकाम्या खोलीसारखं स्पष्ट जाणवू लागलं. खुर्चीत बसून तो जे बोलायचा ते हळूहळू त्याचंच झालं, आणि उठल्यावर जे बोलायचा ते सोंग.

त्या गुरुवारी सगळे गेल्यावर तो पाळकसाहेबांच्या खोलीत शिरला. ते गाण्यांची पुस्तकं कपाटात रचत होते.

“पाळकसाहेब, मघाशी बोललो ते माझं होतं. खुर्चीचं नव्हतं.”

पाळकसाहेबांचे हात थांबले. थोमाला वाटलं, सुटलो. ते वळले, त्याच्याकडे निरखून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“वा! हे मला सुचलंच नव्हतं. उद्या एखादा उठून म्हणाला, की मी तुमच्यातलाच होतो आणि माझा विश्वास गेला, तर? त्याला काय उत्तर द्यायचं? चष्मेवाले शनिवारी असला माणूस उभा करतीलसुद्धा. त्या गृहस्थाचा नेम नाही.”

“मी सराव करत नाहीये.”

“तेच, तेच!” पाळकसाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “हाच चेहरा ठेव. अगदी हाच.”

शनिवारचं प्रकरण असं होतं. गावातल्या संशयवाद्यांचं एक विचार मंडळ होतं आणि वर्षातून एकदा वाचनालयाच्या सभागृहात त्यांचा आणि मंडळींचा जाहीर वाद व्हायचा. त्यांच्या बाजूने नेहमी चष्मेवाले बोलायचे. गेल्या वर्षी त्यांनी पाळकसाहेबांना असं काही पेचात धरलं होतं, की पाळकसाहेब पाणी मागून मागून पोट फुटायच्या बेताला आले. यंदा म्हणून थोमाला उभं करायचं ठरलं. समोरच्याच्या भात्यातला प्रत्येक बाण ज्याला पाठ, त्याच्यासारखा ढाल धरणारा कोण? सगळ्यांना ती कल्पना फार आवडली. थोमाला विचारावं असं कोणाला वाटलं नाही, आणि मूग गिळून बसण्याची चूक त्याने तेव्हा केलीच.

घरी बायको गायकांचे पांढरे झगे इस्त्री करत होती. आईबाप लहानपणीच गेलेले, मंडळीतल्या चार घरांनी मिळून तिला वाढवलेलं. त्यामुळे मंडळी हेच तिचं माहेर. रविवारी लहान मुलांना ती गोष्टी सांगायची, तेव्हा तिचा चेहरा असा व्हायचा की थोमाला बघत राहावंसं वाटायचं. तिच्यामागे उभा राहून तो म्हणाला,

“अगं, प्रार्थना करताना पलीकडे कोणी आहे असं मला वाटतच नाही.”

“घरात नको हं सराव,” ती वळूनही न बघता म्हणाली. “तिकडे खुर्चीत काय ते बोला. या घड्या घाला बघू जरा.”

तो घड्या घालू लागला. थोड्या वेळाने तीच बोलली.

“आज छान बोललात पण. मला तर रडूच आलं. म्हटलं, हे खरं असतं तर मी काय केलं असतं?”

“काय केलं असतंस?”

इस्त्री हवेत थांबली. ती खरोखरच विचार करत होती. थोमाने श्वास रोखून धरला.

“नाही बाई,” ती म्हणाली. “विचारसुद्धा करवत नाही.” आणि तिने झग्याची कॉलर उलटून इस्त्री फिरवली.

पोटातलं ओठावर यायला धीर लागतो असं लोक म्हणतात. थोमाला वाटलं, धीराचं काय घेऊन बसलात, ऐकणारा नको का? आपण खड्ड्यातून ओरडतो आहोत आणि काठावरचे लोक म्हणतात, वा, काय गातोय.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कामात लक्ष लागेना. खालच्या जबड्यावर त्याने वरचे दात लावून ठेवले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते दात मेणातून उपटून काढताना त्याला सुचलं, की एक माणूस असा आहे जो आपलं खरं मानेल. चष्मेवाले. त्यांचं दुकान याच रस्त्यावर, दहा-बारा दुकानं सोडून. एखादी फ्रेम गिऱ्हाइकाला शोभत नसली तर तोंडावर सांगायचे, त्यामुळे धंदा बेताचा. पण खोटं म्हणून त्यांच्याकडे खपत नसे. थोमाच्या नाकावरचा चष्माही त्यांनीच दिलेला. ‘एकजण चावायची सोय करतो, एकजण बघायची,’ असं ते थोमाला म्हणायचे. त्यांना सांगायचं, बस. काका, मी तुमच्याच बाजूचा आहे. उद्या मंचावरून तुम्हीच सांगून टाका. त्यांनी सांगितलं की ते खुर्चीचं राहणार नाही. मग पाळकसाहेब, मंडळी, बायको, ज्याचं जे व्हायचं ते होवो. या विचाराने थोमाच्या छातीवरचं ओझं किती दिवसांनी हललं, आणि त्याला सपाटून भूक लागली.

दुकान बंद होतं. चष्मेवाले वरच्याच मजल्यावर राहायचे. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली, चष्मा गळ्यात दोरीला लोंबतोय, हातात भांडी पुसायचा फडका.

“अरे, कवळीवाले! बरं झालं आलात. मीच निघणार होतो तुमच्याकडे.”

“मला जरा बोलायचंय, काका. शनिवारच्या आधी.”

“मलाही. आधी माझं ऐका, मग तुमचं.”

आधी माझं, असं थोमा म्हणाला असता तर कदाचित सगळं वेगळं झालं असतं. पण वडीलधाऱ्या माणसाला मध्येच तोडायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. दोघं स्वयंपाकघरात बसले. चष्मेवाल्यांच्या पत्नी, काकू, बरेच दिवस अंथरुणाला खिळल्या आहेत हे थोमाला माहीत होतं; डॉक्टरांनी हात टेकलेत हे नव्हतं.

“ती तुमच्यातली,” चष्मेवाले म्हणाले. “म्हणजे विश्वासातली. लग्नाआधीपासून. रोज सकाळी चहाला आमचं भांडण ठरलेलं. ती एक ओळ वाचणार आणि मी ती खोडून काढणार. अख्खा संसार त्यावर झाला म्हणा ना.” ते हसले आणि लगेच थांबले. “आता विचारते, तुम्हाला काय वाटतं, पलीकडे काही असेल? काय सांगू? तिच्याशी खोटं कधी बोललो नाही. आणि खरं सांगवत नाही. मग मान हलवतो. असेल, म्हणतो. ती माझ्याकडे बघते आणि भिंतीकडे तोंड करते.”

थोमा टेबलावरच्या ओल्या कपांकडे बघत राहिला.

“तिला कळतं हो, मी मनापासून बोलत नाही ते. तुम्ही मनापासून बोलाल. आत जा आणि तिला सांगा, सगळं खरं आहे म्हणून. माझ्या तोंडून ते निघत नाही. हात जोडतो तुमच्यापुढे.”

“काका, मी…”

“तुमचा विश्वास मला पटत नाही, पण तो खरा आहे, हे मला माहीत आहे. चला.” आणि त्यांनी थोमाला दंडाला धरून उठवलंच.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. थोमा त्या खोलीच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हाताला अजून सकाळचं मेण चिकटलेलं होतं आणि ते तो नखाने खरवडत होता. आत पलंगाला लागून खिडकी होती. काकू उशीला टेकून पडल्या होत्या. शरीर पार वाळलेलं, पण डोळे जागे होते. उशीपाशी एक फोन पडलेला.

“दार लोटून घ्या,” त्या म्हणाल्या. “आणि बसा. घाबरू नका, ही साधी खुर्ची आहे.”

थोमा बसला. घसा खाकरून त्याने सुरुवात केली, “काकू, प्रभूने आपल्याला वचन दिलंय…”

“ते राहू द्या. मला पाठ आहे.” त्यांनी मान त्याच्याकडे वळवली. “कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“विश्वास गेला तो.”

बाहेर भांड्यांचा आवाज होत होता. थोमाने दाराकडे पाहिलं, मग काकूंकडे.

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोण सांगणार? तुम्हीच. दर आठवड्याला.” त्यांनी फोनवर बोट आपटलं. “शेजारीण तुमच्या गुरुवारचं ध्वनिमुद्रण पाठवते. दिवसभर दुसरं करते काय मी? पूर्वी तुम्ही एक प्रश्न टाकायचात आणि उत्तर यायच्या आत दुसरा. नाटकात पोरं पाठ केलेलं घाईने म्हणतात तसं. हल्ली प्रश्न विचारून थांबता. कोणीतरी काहीतरी उत्तर देतं, टाळ्या पडतात, तरी तुम्ही थांबलेलेच. सोंग करणारा माणूस उत्तराची वाट बघत नाही.”

थोमाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला लाज वाटली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी आपल्याला ऐकलं, याचाच त्याला इतका आनंद झाला, की आपण एका मरणाऱ्या बाईच्या खोलीत बसलोय हेही तो विसरला. त्याने सगळं सांगितलं. तिरका सुळा, रिकामी खोली, पाळकसाहेबांची थाप, इस्त्री. काकू मध्येमध्ये डोळे मिटत होत्या, पण ऐकत होत्या.

“वाईट झालं,” त्या शेवटी म्हणाल्या. “खरंच वाईट वाटलं मला. माझा विश्वास शाबूत आहे, पण दोघांना पुरेल एवढा नाही, हे आधीच सांगते.”

थोमाला हसू आलं. “मग काकांनी मला कशाला धाडलं आत?”

“त्यांना वाटतं, मला धीर हवाय. धीर कशाला? मला भांडण हवंय! ज्या माणसाने जन्मभर एक ओळ सुखाने वाचू दिली नाही, तो आता माझ्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावतो. ते ‘असेल’ म्हणाले ना, की मला वाटतं, झालं, आपण आत्ताच गेलो.” त्यांना धाप लागली. हाताने त्यांनी थोमाला थांबायची खूण केली, श्वास घेतला. “विचारा. तुमचा सगळ्यात अडलेला प्रश्न विचारा. हातचं राखायचं नाही.”

थोमा पुढे सरकून बसला.

“मार्काचं शुभवर्तमान. सगळ्यात जुन्या प्रतींत शेवट असा आहे, की बायका रिकाम्या कबरेपाशी गेल्या, घाबरून पळत सुटल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. संपलं. पुढच्या ओळी मागाहून कोणीतरी जोडल्या, असं अभ्यासक म्हणतात. आता मला सांगा, त्या कोणाला बोलल्याच नाहीत, तर लिहिणाऱ्याला कळलं कुठून?”

आणि तो थांबला.

काकू बराच वेळ छताकडे बघत होत्या. मंडळीत या प्रश्नाला कोणीही चटकन काहीतरी बोललं असतं.

“तेव्हा नसतील बोलल्या,” त्या सावकाश म्हणाल्या. “भ्यालेलं माणूस गप्पच बसतं. पण जन्मभर कोणाला गप्प राहवतं? पुढे कधीतरी सांगितलं असेल एखाद्या आजारी बाईला. तुम्ही नाही का सांगितलंत आत्ता?”

 थोमा म्हणाला, “याला पुरावा म्हणत नाहीत, काकू.”

“नाही ना म्हणत? मग खोडून काढा!”

त्या कोपरावर रेलून उठल्या. थोमाने खोडून काढलं. त्यांनी त्याचं खोडलेलं खोडलं. तो प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाच्या मरणावर गेला: एके ठिकाणी गळफास, दुसरीकडे पडून पोट फुटलं, हे कसं? त्या म्हणाल्या, आमच्या घरी सासऱ्यांच्या मरणाच्या तीन हकिगती आहेत, म्हणून सासरे काय जिवंत आहेत? तो म्हणाला, सासऱ्यांवर कोणी धर्म उभारलेला नाही. त्या म्हणाल्या, माझ्या नवऱ्याने उभारलाय, या एकदा ऐकायला. दोघांचे आवाज चढले. काकूंनी त्याला गाढव म्हटलं. त्यांच्या गालांवर रंग आला होता.

बाहेर पावलं वाजली, तेव्हा काकूंनी एकदम त्याचं मनगट धरलं.

“त्यांना सांगू नका.”

“मी तेच सांगायला आलो होतो, काकू. आज. दुसरं कोणी ऐकतच नाही माझं.”

“ठाऊक आहे. आल्यापासून तोंडावर दिसतंय तुमच्या.” त्यांचा आवाज खाली आला होता. “ते स्वतः मानत नाहीत. पण मानणारी माणसं खोटी नसतात, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचा विश्वास आहे. आत्ता त्यावरच उभे आहेत ते. मी गेले की त्यांना भांडायला कोणीतरी मानणारं लागेल. एकट्याला नास्तिक राहता येत नाही हो.”

“म्हणजे मी…”

“मला मोठं पाप लागणार आहे हे मागितल्याचं. लागू दे. सांगू नका.”

इकडे आड, तिकडे विहीर, आणि पाय ठेवायला जी एवढीशी जागा सापडली होती तीही आता दुसऱ्या कोणाच्या नावावर झाली. थोमाने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यालाही सांगता आलं नसतं. काकूंनी ती होकाराची धरली आणि मनगट सोडलं.

दार उघडलं. चष्मेवाले चहाचे कप घेऊन आले आणि उंबऱ्यातच थबकले. बायको पलंगावर उठून बसलेली, केस विस्कटलेले, डोळ्यांत चमक.

“काय झालं? काय सांगितलंत हिला?”

“खरं काय ते सांगितलं त्यांनी,” काकू म्हणाल्या. “सोमवारी परत यायला सांगा. अर्धंच झालंय आमचं.”

 चष्मेवाल्यांनी कप टेबलावर ठेवले. चहा कोणी फारसा प्यायलं नाही. काकूंचा डोळा लागला तसे दोघं बाहेर आले.

जिन्यात उजेड कमी होता. चष्मेवाले थोमाला पोचवायला निघाले, पण दोन पायऱ्या उतरून गुडघ्यावर हात ठेवून खालीच बसले.

“किती दिवसांनी तिचा असा चेहरा पाहिला,” ते म्हणाले. “मी बाहेरून ऐकत होतो. शब्द कळले नाहीत, पण तिचा आवाज! भांडत होती ना?”

“हो.”

“तिच्याशी भांडता येईल इतका भक्कम विश्वास पाहिजे. माझं ‘असेल, असेल’ काय कामाचं?” त्यांनी गळ्यातला चष्मा चाचपला. “अहो, तुमचं राहिलंच. तुम्ही काहीतरी सांगायला आला होतात.”

“काही नाही. शनिवारचंच.”

“तेच मी सांगणार होतो. शनिवारी मी बोलत नाही. मंडळाला कळवलंय सकाळी. घरात ही अशी असताना तिकडे उभं राहून ‘सगळं खोटं आहे’ म्हणायला मला तोंड नाही. तुम्ही बोला. मी समोर बसून ऐकेन.” ते थांबले. पुढचं बोलायला त्यांना जड जात होतं. “कवळीवाले, मला पटवा.”

थोमाने कठडा धरला.

“हसू नका. मी मुद्दाम अडून बसणार नाही. थोडं जरी पटलं तरी पुरे. म्हणजे ती विचारेल तेव्हा मला हो म्हणता येईल. खोटं न बोलता. वेळ फार नाही तिच्याकडे.”

थोमाने नखाखालचं मेण उकरलं.

“आणि त्याआधी एक विचारतो,” चष्मेवाले म्हणाले. त्यांनी वर पाहिलं. त्या नजरेत मंचावरचा आव नव्हता, वादात पेच टाकतानाचं हसू नव्हतं. “मंडळींसाठीचं उत्तर नको. पाळकसाहेबांचंही नको. मेलेला माणूस उठला, हे तुम्हाला स्वतःला खरं वाटतं?”

गेले कित्येक महिने थोमा याच प्रश्नासाठी तडफडत होता. कोणीतरी एकदा सरळ विचारावं, आणि विचारल्यावर उत्तर ऐकून घ्यावं. उत्तर त्याच्याकडे तयार होतं. इतक्या वेळा मनात घोळवलं होतं की त्याचे शब्दही झिजून गुळगुळीत झाले होते. वर खोलीत काकू झोपेत खोकल्या. चष्मेवाल्यांचे कान तिकडे लागले, पण डोळे थोमावरून हलले नाहीत.

“हो,” थोमा म्हणाला. “वाटतं.”

चष्मेवाल्यांनी मोठा श्वास सोडला. मग ते भिंतीकडे सरकले आणि पायरीवर त्याला बसायला जागा करून दिली.